एकतीस किलोंची पाटी

परीक्षा माझ्या मुलीनं दिली आणि तीच पास झाली. चौथ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत नापास कोण झालं, तर मी. कसं, ते सांगतो. यात एक अक्षर खोटं नाही, आणि असलंच तर ते वाऱ्यानं खिडकीतून आत आलं असेल. आमच्या काम्पोबास्सोचा वारा तसलाच आहे. एका वर्षी त्यानं प्रवचन देणाऱ्या पाद्र्याला व्यासपीठावरून उचललं आणि शेजारच्या गावच्या चर्चमध्ये नेऊन ठेवलं. पाद्र्यानं उरलेलं प्रवचन तिथं पुरं केलं म्हणे. मी स्वतः पाहिलेलं नाही. पण ज्यानं पाहिलं तो माणूस माझ्याच खात्यात होता.

खातं म्हणजे जिल्ह्याचं रस्ते खातं. चौतीस वर्षं मी रस्त्याकडेच्या पाट्या रंगवल्या. पुढचं गाव कोणतं, किती किलोमीटर, वळण कुठे, गाय कुठे आडवी येईल. दुनियेची नावं मी लिहिली, पण कोलाजोव्हान्नी हे आमचं आडनाव खालच्या दाराच्या बेलखाली एका चिकटपट्टीवर होतं आणि त्यातही एक अक्षर पावसानं नेलं होतं. त्यामुळे माझी दोमितिल्ला सनदी लेखापाल झाल्याचा निरोप आला, तेव्हा बायकोनं गुडघे टेकून क्रूसाची खूण केली आणि मी मोजपट्टी घेऊन खाली गेलो.

इमारतीच्या दाराशेजारी पाट्या लावायची भिंत आहे. तिथं एका दंतवैद्याची पाटी आहे. तो जाऊन अकरा वर्षं झाली, पण अजून लोक गाल धरून बेल वाजवतात. एक पाटी आमच्या वकीलसाहेबांची, पिस्तील्लींची. त्या दोघांच्या मध्ये एक रिकामी जागा आहे, दोन जुन्या भोकांसकट. त्या जागेवर माझा नऊ वर्षं डोळा होता.

अडचण एवढीच होती, की पाटीवर काय लिहायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पहिली ओळ दोमितिल्ला कोलाजोव्हान्नी. दुसरी ओळ सनदी लेखापाल. तिसऱ्या ओळीत माणूस नेमकं काय करतो ते लिहायची रीत आहे. आणि ज्या मुलीनं आठ वर्षांत एका प्रश्नाचं उत्तर चुकवलं नव्हतं, तिला "आता पुढे काय?" विचारलं की ती म्हणायची, "बघू."

बेकरीवाला पदवीधर बाईला देतात तो मान देऊन विचारायचा, "दोत्तोरेस्सा, आता पुढे काय?" "बघू." पाद्री विचारायचे. "बघू, फादर." पाद्र्यांना देवानंसुद्धा इतकं मोघम उत्तर कधी दिलं नसेल.

तसे रस्ते तीन होते. मिलानच्या एका बड्या ऑडिट कंपनीनं तिला बोलावलं होतं आणि महिन्याच्या शेवटच्या सोमवारी दुपारी बारापर्यंत हो की नाही ते कळवा, असं लिहिलं होतं. दुसरा रस्ता माझ्या बायकोचा, एर्सिलियाचा, म्हणजे कर खात्याची स्पर्धा परीक्षा. 'कायमची नोकरी' हे शब्द एर्सिलिया ज्या आवाजात उच्चारते, त्या आवाजात इतर बायका संतांची नावं घेतात. तिसरा रस्ता माझा. इथंच, आपल्या गावात, आपलं स्वतःचं ऑफिस. पण मी माझं मत कुणावर लादणारा माणूस नाही. मी फक्त पाटी करायला टाकली.

आता मनातलं बोलतो, एकदाच. मिलान आगगाडीनं सात तासांवर आहे. सात तासांवर गेलेली मुलं ख्रिसमसला येतात, चीज बांधून घेतात आणि सव्वीस तारखेला परत जातात. मग नुसतं चीज जातं, पोस्टानं. आमच्या इमारतीत चौदा घरं, त्यांतली आठ बंद. मालक माँट्रियलला, शार्लरोआला, रोझारिओला. त्यांच्याही आयांनी एकदा "जा, बघून तर ये" असंच म्हटलं होतं. मला नववं दार बंद झालेलं बघायचं नव्हतं. हे मुलीला तोंडानं सांगण्यापेक्षा भिंतीला चार बोल्ट मारणं मला सोपं वाटलं.

पाटीसाठी मी पार्दोकडे गेलो. पार्दो माझा लष्करातला जोडीदार, वरच्या डोंगरात राहतो आणि जन्मभर चर्चच्या घंटा ओततो. मी म्हटलं, "पार्दो, एक साधी पितळी पाटी हवी."

"पितळ मी हातात धरत नाही," तो म्हणाला. "कासं. घंटेचं कासं. शंभर वर्षं टिकेल."

"अरे, पण पाटी आहे ती. वाजायला नको आहे."

"माझ्या हातून गेलेली वस्तू वाजत नाही असं आजवर झालेलं नाही," पार्दो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून मी कासं कबूल केलं. भट्टी तो महिन्यातून एकदाच पेटवतो. येत्या गुरुवारी, पाद्र्याला बोलावून, प्रार्थना म्हणून. "तिसरी ओळ बुधवारपर्यंत कळव," तो म्हणाला. "कासं ओतायला लागलं की थांबत नाही."

परत येऊन मी आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापकाला, हिशेबनीस याफेलिचेंना, सहज कानावर घातलं. हा माणूस बावीस वर्षं व्यवस्थापक आहे. इमारतीतल्या सगळ्यांचे कराचे फॉर्म तोच भरतो, आणि आता घरात सनदी लेखापाल निपजली म्हणजे आपलं काय, ही भीती त्याच्या चष्म्याच्या दोन्ही काचांतून दिसत होती.

"अभिनंदन, अभिनंदन!" तो म्हणाला. "पण पाटीला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागेल हं. दर्शनी भिंत आहे. तिचं सौंदर्य सर्वांच्या मालकीचं."

त्या सौंदर्यात गेल्या सात महिन्यांपासून बंद पडलेली लिफ्टही होती. तिच्या दुरुस्तीलाही सभेचीच मंजुरी हवी होती. एर्सिलियाचे गुडघे चौथ्या मजल्यावर राहतात. याफेलिचे राहतो पहिल्यावर.

"सभा कधी?" मी विचारलं.

"पहिली बैठक शुक्रवारी सकाळी सहाला, बॉयलरच्या खोलीत. दुसरी शनिवारी संध्याकाळी सहाला."

"मग मी शुक्रवारी येतो."

तो असा हसला, की पाट्या रंगवणाऱ्याला सभेतलं काय कळणार. "सिन्योर नुन्झियो, पहिल्या बैठकीला कोणी येत नसतं. ती न भरण्यासाठीच बोलावतात. पहिलीला कोरम मोठा लागतो, दुसरीला लहान चालतो. पहिली भरली नाही, की दुसरी थोडक्या लोकांत उरकता येते. साऱ्या देशात असंच चालतं."

आणि खरंच, साऱ्या देशात असंच चालतं. भल्या पहाटेची वेळ द्यायची, कुणी यायचं नाही, मग वहीत लिहायचं की कुणी आलं नाही. मी सत्तर वर्षांचा आहे. पहिल्या बैठकीला गेलेला माणूस मी पाहिलेला नाही. पाद्र्याला उडताना पाहिलेला भेटला, पण हा नाही.

जेवताना मी हे सांगितलं. दोमितिल्ला तीन आठवडे जेवणात काटा फिरवत बसायची. त्या दिवशी काटा थांबला.

"न भरण्यासाठी बोलावतात?" तिनं विचारलं.

"हो ना."

"आणि खरोखर भरली तर?"

"भरत नाही गं."

"पपा, नियमांचं पुस्तक कुठाय?"

ते डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली होतं. तिनं ते काढलं, टेबल डुगडुगलं, सूप सांडलं आणि पोरगी पुस्तक घेऊन खोलीत गेली. मला बरं वाटलं. म्हटलं, बापाच्या पाटीची मुलीला काळजी आहे.

इकडे माझी चिंता तिसऱ्या ओळीची. लिफ्ट बंद असल्यामुळे दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर सगळेच धापा टाकायला थांबतात. तिथं सिन्योरा ताम्बुर्रोंनी स्वतःची खुर्ची कायमची आणून ठेवली आहे, आणि त्या नसतील तेव्हा तिच्यावर त्यांचा कुत्रा बसतो. बुधवारी संध्याकाळी मी तिथंच विषय काढला.

"दिवाळखोरी," सिन्योरा ताम्बुर्रो ताबडतोब म्हणाल्या. "मुलीला दिवाळखोरीत घाला. आपल्या गावात दुसरं काय चालतंय? गेल्या वर्षी चपलांचं दुकान बुडालं, परवा मिठाईचं. आता बुडायला उरलेत त्यांची आधीच नावनोंदणी करून ठेवायची."

"छे, छे," पिस्तील्ली वकील म्हणाले. "वारसाहक्क! लोक दुकानं बुडवायची टाळाटाळ करतात, सिन्योरा, पण मरायची करत नाहीत. आणि मेले की भावंडं एकमेकांशी बोलायची थांबतात. तिथून आपलं काम सुरू. माझी एक केस छत्तीस वर्षं चालू आहे. त्यात भांडण आहे ते एका अंजिराच्या झाडावर. झाड केव्हाच वाळलं."

"कर खातं," एर्सिलिया वरून ओरडली. ती उतरू शकत नव्हती, पण तिचा आवाज उतरायचा.

याफेलिचे भाजीची पिशवी घेऊन आला. "माझं विचाराल तर," तो म्हणाला, "इतक्या हुशार मुलीनं मिलानला जावं. इथं तिचं चीज होणार नाही." इतकं निःस्वार्थ मत मी त्याच्या तोंडून बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं.

शेवटी वकीलसाहेबांनी मतदान सुचवलं. आमच्या इमारतीचे कायद्यानं हजार वाटे पाडलेले आहेत. ज्याचं घर मोठं त्याचे वाटे जास्त, आणि कुठलंही मत वाट्यांतच मोजायचं असतं. दिवाळखोरीला पडले अठ्ठ्याऐंशी. वारसाहक्काला सत्त्याऐंशी, कारण वकीलसाहेबांच्या घराला एक बाल्कनी कमी आहे. मिलानला पंच्याऐंशी. आमचे एकसष्ट माझ्या नावावर आहेत, पण एर्सिलियानं वरून कळवलं की लग्नानंतर अर्धे तिचे होतात. त्यामुळे कर खात्याला साडेतीस आणि स्वतःच्या ऑफिसला साडेतीस.

एवढ्यात दोमितिल्ला चढत आली. "कसली मतं चाललीत?"

"तुझी," मी म्हटलं. "म्हणजे तू काय करायचंस त्याची."

"मग माझं मत धरा की."

"तुला मत नाही, दोत्तोरेस्सा," वकीलसाहेब मायेनं म्हणाले. "तू मतदार नाहीस. तू विषय आहेस."

मला वाटलं, आता ही पोरगी चिडणार. पण ती नुसती वहीत काहीतरी टिपून घेऊन वर गेली. आणि मग तिच्या खोलीतून टेलिफोन ऐकू येऊ लागले. माँट्रियल, शार्लरोआ, रोझारिओ. तीस-तीस वर्षांपूर्वी गेलेले लोक. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: "लिफ्ट चालू झाली का?" रोझारिओचा एक म्हातारा तर जिन्याच्या पायऱ्या तोंडपाठ म्हणून दाखवत होता, कितवी पायरी फुटकी आहे तिथपर्यंत. मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं आणि रुमाल काढला. म्हटलं, बापाच्या एका पाटीसाठी पोरगी तीन खंड जागे करते आहे.

त्या गडबडीत पार्दोला तिसरी ओळ कळवायची राहून गेली.

म्हणजे मी फोन केला, गुरुवारी. पण तोपर्यंत कासं ओतायला लागलं होतं, आणि कासं थांबत नाही. दुपारी पार्दोनं टेम्पोतून पाटी आणली. आम्ही दोघांनी ती उतरवली तेव्हा माझ्या कमरेतून एक आवाज आला आणि पाटीतून दुसरा. पाटीचा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत गेला. कॉफीच्या दुकानातले लोक टोपी काढून बाहेर आले. कोण गेलं म्हणून विचारू लागले.

एकतीस किलो. एका बाजूनं साठ सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूनं पंचेचाळीस. कडेला द्राक्षांच्या वेली, कोपऱ्यांत चार देवदूत. पहिली ओळ बरोबर. दुसरी ओळ बरोबर. आणि तिसऱ्या ओळीत: 'आग, गारपीट आणि शत्रू येण्याआधी कळवले जाईल.'

"पार्दो," मी म्हटलं, "हे काय आहे?"

"तू काही कळवलं नाहीस. मग मी घंटेवर जे घालतो ते घातलं. माझ्या बापानं रचलेली ओळ आहे. आजवर एकाही गावानं तक्रार केली नाही."

"अरे, ती लेखापाल आहे!"

"मग ती काय करते?" पार्दोनं विचारलं. त्या प्रश्नाचं उत्तर घरात कुणाकडेच नसल्यामुळे मी विषय बदलला.

लिफ्ट बंद, माझी कंबर बंद. पाटी आम्ही बॉयलरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली.

शुक्रवारी सकाळी पावणेसहाला दोमितिल्लानं मला उठवलं. "पपा, बूट घाला. सभा आहे."

"दुसरी उद्या आहे."

"आपण पहिलीला चाललोय."

मी बूट घातले. पहिल्या बैठकीला जाणं म्हणजे आमच्याकडे कुणी 'कधीही या जेवायला' म्हटल्यावर खरोखर जेवायला जाण्यासारखं. पण बॉयलरच्या खोलीत सिन्योरा ताम्बुर्रो कुत्र्यासह हजर होत्या, कारण कुत्रा तसाही पाचला उठतो. वकीलसाहेब हजर होते, कारण अंजिराच्या केसमुळे त्यांना झोपच येत नाही. आणि दोमितिल्लाच्या हातात ईमेलनं आलेली आठ मुखत्यारपत्रं होती. सह्यांसकट. आठ बंद दारं एका फाइलमध्ये.

खिळ्याला सभेची वही टांगलेली होती. तिनं ती काढली आणि मोठ्यानं वाचली. "'आज शुक्रवार, सकाळी सहा वाजता मी जातीनं हजर राहिलो. सात वाजेपर्यंत वाट पाहिली. कोणीही आले नाही. सही, याफेलिचे.'"

आम्ही घड्याळात पाहिलं. सहाला तीन मिनिटं कमी होती.

"शाई काल दुपारची दिसते," वकीलसाहेब म्हणाले. छत्तीस वर्षांत त्यांचा चेहरा इतका ताजा झालेला कुणी पाहिला नव्हता.

दोमितिल्लानं कोपऱ्यातली कोळशाची पळी उचलली आणि माझ्या पाटीवर एक ठोका दिला.

काय सांगू! बॉयलरच्या नळ्यांतून तो आवाज चौदाच्या चौदा घरांत चढला. बंद घरांतल्या कपाटांतली भांडी किणकिणली. कुत्र्यानं सूर लावला. वरून एर्सिलिया ओरडली, "भूकंप!" आणि गुडघ्यांना विसरून दोन मजले उतरली. याफेलिचे नाइटगाउनमध्ये, एका पायात चप्पल घालून, दारात उभा राहिला.

"हे काय चाललंय?"

"पहिली बैठक," दोमितिल्ला म्हणाली. "चौदापैकी अकरा मालक हजर, प्रत्यक्ष किंवा मुखत्यारपत्रानं. सातशे चौदा वाटे. कोरम पुरा आहे. या, बसा. तुम्ही सात वाजेपर्यंत वाट पाहणारच होतात, असं वहीत लिहिलंय."

"पण पहिली कधी भरत नसते!" तो इतक्या कळवळून म्हणाला, की मला त्याची दया आली. त्याचा सगळा विश्वास त्या एका वाक्यावर उभा होता.

विषय पहिला, लिफ्टची दुरुस्ती. मंजूर. रोझारिओच्या म्हाताऱ्यानं मुखत्यारपत्राच्या कडेला 'जोरात हो' असं लिहिलं होतं. विषय दुसरा, व्यवस्थापकाची वार्षिक फेरनेमणूक. हा विषय दर वर्षी असतो आणि दर वर्षी दुसऱ्या बैठकीत, टाळ्यांच्या गजरात, तीन मिनिटांत उरकतो.

"दुसरं नाव कुणी सुचवतंय का?" दोमितिल्लानं विचारलं.

"मी सुचवतो," वकीलसाहेब म्हणाले. "दोत्तोरेस्सा कोलाजोव्हान्नी."

"अनुमोदन," सिन्योरा ताम्बुर्रो म्हणाल्या. "दिवाळखोरी नंतर करता येईल."

मी मुलीकडे पाहिलं. तिचा चेहरा लाल झाला होता. हे तिनं योजलेलं नव्हतं, ही गोष्ट मी शपथेवर सांगतो. ती फक्त न भरणारी सभा भरते का, ते बघायला आली होती. पण तीन आठवडे जे 'बघू' तिच्या तोंडावर बसलं होतं, ते त्या क्षणी उठून गेलं.

"चालेल," ती म्हणाली. "करते."

मतं पडली. सातशे चौदा. यात माझे एकसष्ट अखंड होते. एर्सिलियानं आपले साडेतीस परत मागितले नाहीत. याफेलिचेनं स्वतःला पंच्याऐंशी दिले आणि चप्पल शोधायला गेला.

विषय तिसरा, पाटी. दोमितिल्लानं वाचलं, "नियमांनुसार परवानगी." मंजूर. यातला 'परवानगी' हा शब्द मी ऐकला. 'नियमांनुसार' हा शब्द मी कुत्र्याच्या रडण्यात गमावला असावा.

त्याच सकाळी मी आणि पार्दोनं चार बोल्ट मारून पाटी लावली. दंतवैद्य आणि वकील यांच्यामध्ये ती अशी दिसत होती, की बाकी दोघं तिच्या दरबारात आलेत. मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन पाहिलं. बेकरीवाल्यानं तिसरी ओळ दोनदा वाचली आणि म्हणाला, "वा! पहिल्यांदा कुणी लेखापालानं खरं लिहिलं. माझा तो तर सगळं झाल्यावर कळवतो." दुपारपर्यंत तीन माणसं चौकशीला आली. शनिवारी शेजारच्या इमारतीचे दोघं आले, त्यांची लिफ्ट दोन वर्षं बंद होती. चर्चमध्ये कुजबुज झाली की चौकाच्या मागे एक मुलगी आहे, तिनं पहिली बैठक भरवली. लोक हे त्या सुरात सांगत होते ज्या सुरात उडालेल्या पाद्र्याचं सांगतात. मी कुणाचंच बोलणं दुरुस्त करत नव्हतो.

सोमवारी साडेअकराला तिनं मिलानला फोन केला. मी स्वयंपाकघरात होतो. कॉफीचं भांडं उकळून उतू गेलं तरी मी हललो नाही.

ती बाहेर आली. "नाही म्हटलं."

मी भांडं उतरवलं. "पाटी पाहून ठरवलंस ना?"

"लिफ्ट पाहून, पपा," ती म्हणाली. "तिथं मला दुसऱ्यांच्या लिफ्टचे कागद तपासायचे होते. इथं ती चालू करता येते. आणि आणखी पाच इमारतींनी बोलावलंय."

म्हणजे पाहा. दिवाळखोरी नाही, वारसाहक्क नाही, कर खातं नाही, मिलान नाही. इमारती सांभाळायचं काम, ज्याला एकानंही मत दिलं नव्हतं, ते तिनं धरलं. एर्सिलियानं विचारलं, "यात कायमचं काय आहे?" दोमितिल्ला म्हणाली, "भांडणं, मम्मा." एर्सिलियाचं समाधान झालं.

आता माझ्या पाणउताऱ्याकडे येतो. दहाव्या दिवशी पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. एर्सिलियानं सही केली. 'श्री. नुन्झियो कोलाजोव्हान्नी, चौथा मजला. नियम अकरानुसार दर्शनी भिंतीवरील पाटी तीस बाय वीस सेंटिमीटरपेक्षा मोठी असू नये. आपली पाटी त्याहून मोठी असून वारा सुटल्यावर वाजते. दंतवैद्याच्या जुन्या पेशंटांना ती चर्च वाटते. पंधरा दिवसांत काढावी. सही, दो. कोलाजोव्हान्नी, व्यवस्थापक.'

चौतीस वर्षं मी पाट्या लावल्या. मुख्यमार्गावरची एक पाटी सबंध लष्करी ताफ्याला चुकीच्या गावी घेऊन गेली होती, तरी तीसुद्धा मला कुणी काढायला लावली नव्हती. दुपारी आम्ही जेवायला बसलो. दोमितिल्लानं ब्रेड मागितला. मी एर्सिलियाला म्हटलं, "व्यवस्थापकांना सांग, अर्ज लेखी करावा." मी रजिस्टर पत्रानं उत्तर धाडलं. तिनं त्याला उत्तर धाडलं. तीन आठवडे आम्ही बापलेक एकाच टेबलावर बसून एकमेकांना पोस्टानं लिहीत होतो. पोस्टमननं एर्सिलियाला विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना.

शेवटी मी पाटी काढली. लिफ्टमधून वर आणली. होय, लिफ्टमधून. पहिल्याच दिवशी एर्सिलिया तिच्यातून अकरा वेळा वरखाली झाली होती, कुठेही जायचं नसताना. खाली आता कायद्याच्या मापाची एक छोटी पाटी आहे. तिच्यावर नाव आहे, सनद आहे आणि तिसऱ्या ओळीत आग, गारपीट आणि शत्रू आहेत. ती ओळ काढू द्यायला बेकरीवाला तयार नव्हता.

मोठी पाटी जेवणाच्या खोलीत दाराशेजारी टांगली आहे. घराचं दार लागलं की ती एकदा वाजते. सकाळी आठला एक ठोका पडतो, म्हणजे मुलगी कामाला गेली. संध्याकाळी सातला दुसरा पडतो, म्हणजे परत आली. दुसरा पडेपर्यंत मी टीव्हीचा आवाज बारीक ठेवतो.

काल पुन्हा रजिस्टर पत्र आलंय. चौथ्या मजल्यावरून दिवसातून दोनदा घंटानाद होतो, अशी तिसऱ्या मजल्याची तक्रार आहे, खुलासा करावा. सही तिचीच. मी खुलासा लिहायला बसलो आहे. दहा पानं झाली. घाई नाही. सात वाजायला अजून वेळ आहे.